खंडेनवमीचं इंजिन

गाडी पोलिसांच्या आवारातून सुटून घरी आली, त्या दिवशी धायरीच्या त्या गल्लीतल्या प्रत्येक गॅलरीत माणूस उभं होतं. एरवी शेजारच्या घरी चोर शिरला तरी मान वर न करणारी ही मंडळी. पण क्रेनच्या आकड्याला लटकलेली, एका अंगानं चेपलेली लाल गाडी म्हटल्यावर सगळ्यांना एकदम कपडे वाळत घालायचे आठवले. दिगंबररावांनी एकदाच वर बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "अजून कुणाचं बघायचं राहिलंय का? की ओढू शटर?" गॅलऱ्या भराभर रिकाम्या झाल्या.

गाडी आत घेताना डाव्या बाजूकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. तरी नजर गेलीच. अपघाताच्या वेळी डावीकडच्या सीटवर त्यांची सून बसली होती.

तनया. नारायण पेठेतली मुलगी, केदारची बायको. केदार हा दिगंबरराव आणि उल्काताईंचा एकुलता एक, हिंजवडीत संगणकाची नोकरी करणारा, पण जीव सगळा या गाडीत. डिसेंबरातल्या एका सकाळी दोघं सातारा रस्त्याला फिरायला निघाली. शिरवळच्या अलीकडे भरवेगात इंजिन फुटलं, तेल चाकांखाली सांडलं, गाडी गर्रकन फिरली आणि डाव्या अंगानं दुभाजकावर आदळली. केदारचा खांदा मोडला. तनया जागच्या जागी गेली. तिच्या हातात वेफर्सचा पुडा होता म्हणे. हे सांगायची त्या हवालदाराला काही गरज होती का? पण सांगितलंन त्यानं, आणि तेव्हापासून दिगंबररावांच्या डोळ्यांसमोरून तो पुडा हलेना.

मग लोकांची तोंडं सुटली. पोरगा वेगात होता, घरी इंजिन खोलतात का कुठे, नसते शौक, बायकोचा जीव घेतलान. उल्काताईंच्या कानावर हे येत होतं आणि त्या कुणालाही सोडत नव्हत्या. "मशीन आहे ते. मशीन बिघडतं. माझ्या पोराची त्यात काय चूक?" हे त्यांनी वाण्याच्या दुकानात सांगितलं, देवळात सांगितलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला तर असं झापलं की तो बिचारा पुन्हा जिन्यात दिसला नाही. तनयाच्या आईच्या, शर्मिलाताईंच्या तोंडावरही तेच सांगितलं. लेकीच्या तेराव्याला! शर्मिलाताई उठून लेकीच्या फोटोपाशी जाऊन बसल्या.

बोलले ते तनयाचे वडील. श्यामसुंदर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, आवाज कधी चढायचा नाही. जाताना चपला घालता घालता ते केदारला म्हणाले, "मी तुला दोष द्यायला आलेलो नाही. पण नेमकं काय झालं ते मला कळायला हवं रे. तेवढं एकदा येऊन सांग. मग मी तुला काही विचारणार नाही."

"इंजिन उघडतो," केदार म्हणाला, "आणि येऊन सांगतो."

त्यानंतर पोरगं घरात जवळजवळ मुकंच झालं. नोकरीवर जाईना, जेवायला बसलं तर उठायचं विसरायचं. त्याच्या तोंडात एकच वाक्य उरलं होतं, गाडी कधी सुटणार. दिगंबररावांना पहिल्यांदा धसका बसला तो तेव्हा. त्यांना वाटायचं, कारण सापडलं नाही तर हा असाच बसून वाळून जाईल, आणि सापडलेलं कारण याच्याच हातचं निघालं तर मग विचारायलाच नको. सून गेली होती. आता मुलगा राहतो का, एवढाच प्रश्न त्या घरात होता.

तसं पाहिलं तर ते इंजिन बापलेकांनी मिळूनच बांधलं होतं. आदल्या पावसाळ्यात केदारनं ही गाडी घेतली, परदेशी बनावटीची, जुनी, टर्बोवाली. चालत होती की बरी! पण नाही, ह्याला ती शर्यतीच्या गाडीसारखी पळायला हवी होती. इंजिन उतरवलं, शेवटच्या बोल्टापर्यंत सुटं केलं, नवीन पिस्टन आणले, मोठा टर्बो आणला. दिगंबररावांची उभी हयात चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेलेली. पोराचं सुटं इंजिन बघून त्यांचे हात शिवशिवायला लागले आणि ते कधी खाली उतरले ते त्यांनाही कळलं नाही. त्या दोन-तीन महिन्यांत बापलेक जेवढे बोलले तेवढे आधीच्या दहा वर्षांत बोलले नव्हते.

केदारची शिस्त मात्र भयंकर. गॅरेजमध्ये चपला बाहेर. धागा सुटेल असं फडकं आत आणायचं नाही. धुऊन कोरडा केलेला ब्लॉक, म्हणजे इंजिनचा तो मुख्य ओतीव सांगाडा, प्लास्टिकखाली झाकलेला, आणि त्या प्लास्टिकला त्याच्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. तनया जिन्यात बसून चहा पीत हसायची. "आईंच्या देवघरात एवढं सोवळं नाही हो बाबा, जेवढं ह्याच्या इंजिनाला आहे." ती सासऱ्यांना बाबाच म्हणायची. सगळे हसायचे. उल्काताईसुद्धा हसायच्या, पण त्यांना ती गाडी कधी आवडली नाही. तिला त्या डबडं म्हणायच्या.

आता त्याच गॅरेजात, त्याच चेन पुलीनं केदारनं ते फुटकं इंजिन उतरवलं. एका हातानं. दुसरा अजून नीट उचलत नव्हता. शुक्रवारी दिगंबरराव औषधं आणायला गेले होते, परत येईपर्यंत यानं खालचं तेलाचं चेंबरसुद्धा काढून बाजूला ठेवलं होतं.

"थांबायचंस ना रे माझ्यासाठी."

"झालं ते," केदार म्हणाला, आणि पाठ फिरवून हात पुसत बसला.

शनिवारी दोघांनी मिळून हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, उतरवलं, पिस्टन काढले. पाना मागायचा तर केदार नुसता हात पुढे करायचा. ब्लॉकच्या कुशीला मुठीएवढं भोक पडलं होतं. तिसऱ्या पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉड म्हणतात तो, मधोमध तुटून तिथून बाहेर आला होता. रविवारी सकाळी त्यांनी क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा तो जाड दांडा, बाहेर काढला आणि बाकावर आडवा ठेवला. केदारनं त्याच्याकडे एकदा बघितलं, तुटक्या रॉडचे तुकडे हातात घेतले आणि लगेच म्हणाला, "सापडलं, बाबा. रॉडचा बोल्ट. हा एक मी आवळायचा विसरलो असणार. सुटला, आणि रॉड फुटला."

"असणार?"

"विसरलो. मीच. उद्या नारायण पेठेत जाऊन सांगतो त्यांना."

"अरे पण पोलिसांची केस चालू आहे, वेड्या! असं कबूल केलंस तर निष्काळजीपणा म्हणून आत टाकतील तुला."

"टाकू देत."

दिगंबरराव क्रँककडे बघत होते. तिसऱ्या रॉडच्या जागी लोखंड निळं पडलं होतं, गर्द निळं, तव्याची कड जळते तसं. बेअरिंग वितळून त्याच्यावर थापलं गेलं होतं. बोल्ट सुटून रॉड फुटला तर लोखंड निळं होत नाही. लोखंड निळं होतं ते तेल न मिळाल्यानं. कोरडं फिरलं, तापलं, चिकटलं आणि मग तुटलं. हे त्यांना दिसत होतं तसं केदारलाही दिसत असणारच. गाडीच्या बाबतीत त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"हे निळं कशानं झालं मग?" त्यांनी विचारलं.

"फुटल्यावर झालं असेल."

"काहीतरी बोलू नकोस. फुटल्यावर काय निळं होतंय, कपाळ?"

केदारनं रॉडचे तुकडे बाकावर ठेवले. "अंघोळ करून येतो," एवढंच म्हणाला आणि जिना चढून गेला.

दिगंबररावांना चैन पडेना. त्यांनी विजेरी आणि एक बारीक तार घेतली आणि ब्लॉकवर वाकले. क्रँक जिथे बसतो त्या प्रत्येक जागेला तेल यायला एक भोक असतं, पेन्सिलीचं टोक जाईल एवढं; तिथूनच ते पुढे रॉडला मिळतं. त्यांनी एकेक भोक बघितलं. पहिलं मोकळं. दुसरं मोकळं. तिसऱ्याला तारेचं टोक अडलं. वेल्डिंगचा कण असेल, बेअरिंगचा तुकडा असेल, असं म्हणत त्यांनी तार वाकवून हळूच फिरवली आणि ते अडकलेलं जे काय होतं ते तळहातावर ओढून घेतलं.

काळं, जळकं, टणक. नखानं खरवडल्यावर आकार कळला. तांदळाचा दाणा होता तो.

आधी त्यांना काही समजलंच नाही. इंजिनात तांदूळ? उंदीर वगैरे? आणि मग आठवलं, आणि त्यांनी बाकाची कड धरली.

खंडेनवमी होती. केदार क्रँक तपासून आणायला भोसरीला गेलेला, तनया ऑफिसात. ब्लॉक स्टँडवर उलटा अडकवलेला, क्रँकच्या जागा वर तोंड करून आणि ती सगळी भोकं उघडी. वर प्लास्टिक. उल्काताई ताम्हण घेऊन खाली आल्या. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. नवमीला हत्यारं पुजायची, त्यात नवल ते काय? पान्यांची पूजा झाली, हातोड्याची झाली, ड्रिलची झाली, मग त्या प्लास्टिकसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"याला नको," दिगंबरराव म्हणाले. "केदारनं बजावलंय."

"अहो, सगळ्यांना हळदकुंकू आणि मुख्य त्यालाच वगळायचं? माझी पोरं बसणार आहेत त्यात. मला भीती वाटते हो या डबड्याची. छातीत धडधडतं. एकदा माझ्या मनासारखं करू द्या, पुन्हा या गाडीबद्दल अक्षर काढणार नाही."

बायकोचे डोळे भरले होते. बस, एवढंच झालं. कारखान्यात दर नवमीला मशीनची पूजा व्हायची, फोरमन ज्ञानदेव स्वतः नारळ फोडायचा, पण कुंकवाचं बोट बाहेरच्या पत्र्याला लागायचं, आत नाही. कुणी फूल आत ठेवायला गेला तर तो अंगावर धावून यायचा, "देव येणार नाही साफ करायला, मला यावं लागेल!" हे दिगंबररावांना पाठ होतं. उभ्या हयातीची सवय होती ती. आणि तरी त्यांनी प्लास्टिक वर उचललं. म्हणाले, "बाहेरून बोट लाव. एकच."

उल्काताईंनी बाहेरूनच बोट लावलं. हळद, मग कुंकू. फूलसुद्धा स्टँडच्या पायाशी ठेवलं. आणि मग डोळे मिटून हात जोडायच्या आधी, जन्मभर जसं केलं तसं, चिमूटभर अक्षता वाहिल्या. हात आपोआपच गेला तो. दिगंबररावांच्या तोंडून "अगं" निघेपर्यंत काम झालेलं होतं.

बायकोवर ते रागावले नाहीत. "झालं ना समाधान? जा आता वर," असं म्हणून पाठवून दिलं आणि एकेक दाणा वेचत बसले. कुंकू पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून काढलं. भोकांमध्ये कॉम्प्रेसरनं हवा मारली. आता हवा आत मारली की दाणा बाहेर येतो की आणखी आत जातो, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण तेवढ्यात गल्लीत केदारच्या स्कूटरचा आवाज आला आणि त्यांनी घाईघाईनं प्लास्टिक खाली ओढलं.

केदार क्रँक खांद्याशी धरून आत आला. "काय म्हणतंय आमचं सोवळं? कुणी हात नाही ना लावला?"

"नाही," दिगंबरराव म्हणाले.

दिवाळीनंतर इंजिन सुरू झालं, घड्याळासारखं चाललं. दिगंबरराव ते सगळं विसरूनही गेले. खरंच विसरले, यात खोटं काही नाही. आपल्याला नको असलेलं माणूस किती झटकन विसरतं! दाणा आतल्या आत कुठेतरी पडून राहिला असणार, एक दिवस तेलाच्या जोरानं सरकला आणि नेमका तिसऱ्या भोकात जाऊन बसला.

"अहो, चहा टाकू का?" वरून उल्काताईंनी हाक मारली.

"नको," त्यांनी ओरडून सांगितलं.

दाणा तळहातावर होता. फुंकर मारली असती तरी उडून गेला असता. मग केदार उद्या जाऊन बोल्टचं सांगेल, तुरुंगात जाईल नाहीतर जाणार नाही, पण मीच मारलं हे डोक्यात घेऊन जन्म काढेल. आणि खरं सांगितलं तर? उल्काताईंना हे कळलं तर? त्या बाईनं सुनेला पोटच्या पोरीसारखं जपलं होतं, रोज तिच्या डब्यात काय द्यायचं याची आदल्या संध्याकाळपासून चिंता करायची. आपल्याच अक्षतांनी ती पोरगी गेली असं एकदा का तिच्या कानी पडलं, की मग त्या बाईला जगवणार कोण? देवा, असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी तर मुळीच तोंडातून येईना.

शेवटी त्यांनी ठरवलं, सांगायचं, पण सगळं आपल्या अंगावर घेऊन सांगायचं. पूजा मी केली. उल्का खाली नव्हतीच.

केदार ओल्या केसांनी खाली आला. दिगंबररावांनी मूठ त्याच्यासमोर उघडली.

"बोल्ट नव्हता, केदार. हे होतं. तिसऱ्या भोकात."

त्यानं बघितलं. दचकला नाही, वाकून नीट पाहिलंसुद्धा नाही. दिगंबररावांना तेच विचित्र वाटलं, पण ते बोलत सुटले होते. "नवमीला तू भोसरीला गेला होतास. मी पूजा केली ब्लॉकची. मीच. तुझी आई नव्हती इथे."

"तुम्ही?"

"हो, मी."

"बाबा, माझ्या मुंजीत तुम्ही गुरुजींशी भांडत होता, मंत्र थोडक्यात आटपा म्हणून. गणपतीतसुद्धा आरतीला तुम्ही पेपर घेऊन गॅलरीत असता." केदार बाकाशी गेला. त्यानं वॉशरच्या डबीचं झाकण काढलं आणि डबी त्यांच्यापुढे धरली. आत तसेच दोन काळे दाणे होते. "शुक्रवारी चेंबर काढलं तेव्हा तेलाच्या जाळीत मिळाले. जाळीत तांदूळ! अक्षतांशिवाय कशाचे असणार? आणि अक्षता वाहणारं या घरात एकच माणूस आहे."

दिगंबरराव बाकाशेजारच्या स्टुलावर बसले.

"तुला माहीत होतं? मग ते बोल्टचं काय लावलंयस मघापासून?"

"मग काय सांगू? तनयाच्या वडिलांसमोर बसून सांगू, माझ्या आईनं अक्षता टाकल्या म्हणून तुमची मुलगी गेली? चार दिवसांत आईच्या कानावर येईल ते. जगेल ती, बाबा? तुम्हीच सांगा, जगेल?"

"नाही," दिगंबरराव म्हणाले. ते खरं होतं.

केदार त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा इतक्या जवळून त्यांनी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. "मला तुम्हाला एकच विचारायचंय. आई प्लास्टिकला हात लावणार नाही. मी बजावलेलं ती मोडत नाही. प्लास्टिक कुणी उचललं?"

"मी."

"दाणे आत पडलेले दिसले तुम्हाला?"

"दिसले. वेचले मी. हवा मारली."

"आणि मी आल्या आल्या विचारलं, हात लावला का कुणी."

दिगंबररावांना मान वर करवेना. "नाही म्हणालो."

"का पण?"

"तू आईला बोलला असतास रे. सगळं पुन्हा धुवायला काढलं असतंस. दसऱ्याच्या तोंडावर घरात कटकट नको म्हटलं."

"बोललो असतो," केदार म्हणाला. "ओरडलो असतो. आई रडली असती. ब्लॉक पुन्हा धुतला असता मी. एक दिवस गेला असता, बाबा. फार फार तर एक दिवस."

तो ओरडला नाही. ओरडायला हवा होता, पाना फेकून मारायला हवा होता. दिगंबररावांना मनापासून वाटलं की यानं आपल्याला मारावं.

"मी येतो उद्या," ते म्हणाले. "मी सांगतो श्यामसुंदरांना. माझं नाव सांग, पोलिसांना पण माझं नाव सांग. माझं काय राहिलंय आता?"

"तुमचं नाव आलं की पूजा आली. पूजा आली की आई आली. तुम्ही कुठेही यायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही. आई विचारेल, तेव्हा फक्त हो म्हणायचं." केदार उठला. "जमेल तुम्हाला. नवमीला जमलं होतं."

त्यानं त्यांच्या तळहातावरचा दाणा उचलला, डबीतले दोन उचलले, शटर हातभर वर केलं आणि तिन्ही बाहेरच्या गटारात टाकले. मग हात धुवायला गेला. दिगंबरराव तिथेच बसून राहिले. जन्मभर एका सुताचा फरक चालवून न घेतलेला माणूस, आणि आता स्वतःच्या पोराकडे बघायची त्यांची हिंमत उरली नव्हती.

जेवायला हाक आली. उल्काताईंनी गरम पोळ्या, फ्लॉवरची भाजी, काकडीची कोशिंबीर केली होती. केदार चार घास तरी खाईल म्हणून कोशिंबिरीला फोडणी दिली होती, त्याला आवडते तशी. त्या पोळीवर तूप घालत होत्या. केदार स्वतःहून बोलला, तेव्हा त्यांचा चेहरा आधी उजळलाच.

"आई, सापडलं काय झालं ते."

"बघ! मी म्हणत नव्हते? काय बिघडलं होतं डबड्याचं?"

"बिघडलं नव्हतं काही. एक बोल्ट मी आवळायचा विसरलो. त्यानं फुटलं."

तुपाची वाटी हातातच राहिली. "असं कसं? तू विसरशील? चार-चारदा तपासायचास तू." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. मुलगा काहीही म्हणो, मशीनच्या बाबतीत त्यांचा विश्वास या माणसावर होता. लग्न होऊन आल्यापासून यानं सांगितलेलं माप कधी चुकलं नव्हतं. "अहो, खरं का हे? तुम्ही बघितलंत?"

केदार समोर बसून ताटाकडे बघत होता. दिगंबररावांच्या घशात शब्द आला होता. नाही, असा. तेवढा एक शब्द, आणि समोरच्या पोराची मान वर झाली असती. आणि ही तूप वाढणारी बाई उद्या सकाळी उठली असती की नसती?

"हो," ते म्हणाले. "मी बघितलं."

 उल्काताईंनी वाटी ओट्यावर ठेवली. "म्हणजे ती तुझ्या हातनं गेली," त्या केदारला म्हणाल्या, अगदी हळू. "आणि मी सगळ्या जगाशी भांडले तुझ्यासाठी. शर्मिलाताईंच्या तोंडावर सांगितलं मी, त्यांच्या लेकीच्या तेराव्याला, माझ्या पोराची काही चूक नाही म्हणून. काय वाटलं असेल रे त्या माउलीला?"

"आई..."

"आई म्हणू नकोस मला. माझी गुणाची पोर होती ती. तुझ्या शौकापायी खाल्लीस तू तिला. ऊठ. ऊठ म्हणते ना! मला तुझं तोंड बघायचं नाही."

दिगंबररावांनी तोंड उघडलं. केदारनं त्यांच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, आणि ते तोंड मिटलं. पोरानं ताट बाजूला सारलं, खुर्ची नीट आत सरकवली आणि जिना उतरून गेला. खाली शटरचा आवाज झाला.

उल्काताई पदरानं डोळे पुसत ओट्याकडे वळल्या. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की नवरा नुसता ताटावर बसून आहे. त्यांनी तव्यावरची पोळी काढली, तूप लावलं आणि त्यांच्या ताटात वाढली.

"तुम्ही जेवा हो," त्या म्हणाल्या. "तुमचा काय दोष त्यात?"

दिगंबररावांनी पोळीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागले.